नाव चढतं, पण किलोमीटर कोणी विचारत नाही: जुन्या गाडीच्या ऑनलाइन ट्रान्सफरबद्दल

ठाण्याची एमएच 04 असो की वाशीची एमएच 43, जुनी खासगी गाडी नावावर करायचं काम आता परिवहन पोर्टलवरून सुरू होतं. नाव बदलण्यापुरती ही सेवा चांगली आहे, पाचपैकी चार गुण. गाडीचा नंबर, चासीचे शेवटचे पाच आकडे, ओटीपी, मग मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30. अडतं ते ठरलेल्या जागी: ओटीपी मूळ मालकाच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो, कर्ज फिटूनही फॉर्म 35 देऊन बँकेचा बोजा उतरवलेला नसतो, नाहीतर ई-चलनं थकलेली असतात. टोकन देण्याआधीच हे तपासा. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर विकणाऱ्याने आरटीओला 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत.

किलोमीटरच्या बाबतीत मात्र शून्य गुण. फॉर्म 29 आणि 30 मध्ये मीटरच्या आकड्याला रकानाच नाही. अमेरिकेत विकणाऱ्याला मालकी हस्तांतराच्या कागदावर आकडा लिहून सही करावी लागते, तो खरा आहे की नाही हेही सांगावं लागतं. 2011 आणि त्यापुढच्या मॉडेलना हे 20 वर्षं लागू असतं. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले. 1 एप्रिल 2023 पासून अधिकृत डीलरला ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीचं कारण, चालक, वेळ आणि अंतर इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत ठेवावं लागतं. नियम चांगला आहे, पण गाडी डीलरकडे यायच्या आधीच मीटर मागे केला असेल तर ही नोंदवही काय करणार? दोन व्यक्तींमधल्या थेट सौद्याला तर तीही नाही.

म्हणून घरपोच तपासणी करून देणाऱ्या सेवांचे पैसे वाजवी वाटतात, पण काम नीट करून घेतलं तरच. रंगाची जाडी आणि टायरची नक्षी मोजून निघून जाणारा माणूस निम्मंच काम करतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (इथून गाडीच्या संगणकातली माहिती वाचता येते) स्कॅनर लावून ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’, म्हणजे बिघाडाच्या नोंदी शेवटच्या पुसल्यापासून गाडी किती चालली ते, वाचायला सांगा. मीटरवर 41,000 आणि इथे 58,000 दिसलं तर मीटर मागे केला किंवा बदलला असण्याची दाट शक्यता आहे, विकणाऱ्याला जाब विचारा. हा आकडा 65,535 च्या पुढे जात नाही आणि स्कॅनरने कोड पुसले की शून्यावर येतो. त्यामुळे तो लहान निघाला तर काहीच सिद्ध होत नाही. काही गाड्यांत एबीएस किंवा गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये वेगळी नोंद असते. ती वाचायला त्या कंपनीचा स्कॅनर लागतो.

स्कॅनरपेक्षाही भरवशाचे म्हणजे सर्व्हिसचे जॉबकार्ड. अधिकृत वर्कशॉपमध्ये दर खेपेला किलोमीटर लिहितात, तो इतिहास मालकाकडूनच काढून घ्या. आकडे चढत गेलेत का, मध्येच दोन-तीन वर्षं गायब आहेत का, हे बघा. टायरच्या बाजूवर 2319 असेल तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. गाडी 2019 ची, मीटर 25,000 आणि चारही टायर 2023 चे, तर पहिले एवढ्या लवकर का गेले ते विचाराच.

फॉर्ममध्ये रकाना नसला तरी विक्रीच्या करारात तो आपण घालू शकतो. ताबा घेताना इग्निशन चालू करून मीटरचा फोटो काढा आणि तारीख-वेळेसह लिहून घ्या: ‘मीटरवर आज इतके किलोमीटर आहेत, माझ्या माहितीप्रमाणे हा आकडा खरा आहे, मीटर बदललेला किंवा दुरुस्त केलेला नाही.’ बदलला असेल तर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि वर्कशॉपचं बिल जोडून घ्या. सही विकणाऱ्याचीच हवी, एजंटची नको. पुढे ग्राहक आयोगात किंवा पोलिसांत जायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो.