दोष सूर्याचा की केबलचा: ५ वॅटच्या हॅम रेडिओसोबत उद्यानांतले आठ महिने

गेले आठ महिने मी जवळजवळ दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या उद्यानात बसून ५ वॅटवर हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र, चालवत आहे. प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवतो. या वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘कंडिशन्स खराब’ (म्हणजे सूर्यामुळे वरचे वातावरण बिघडले आणि लहरी नीट पोहोचल्या नाहीत) हे दोन शब्द इतक्या वेळा आले आहेत की पाचव्या महिन्यात मी त्यांचीच तपासणी करायला घेतली. तेव्हा असे आढळले की ज्या दिवशी मी सूर्याला दोष दिला होता, त्यांपैकी बऱ्याच दिवशी तो बिचारा निर्दोष होता. सेट, अँटेना आणि बॅटरी यांच्याविषयी पुढे लिहिलेच आहे. पण कमी शक्तीवर काम करताना प्रसरण, म्हणजे लहरींचा वातावरणातून होणारा प्रवास, खरोखर बिघडले आहे की आपलेच सामान बिघडले आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न मला या सगळ्या वापरात सर्वांत महत्त्वाचा वाटला.

सेट आयकॉमचा आयसी-७०५ आहे. स्वतःच्या बॅटरीवर तो ५ वॅट देतो आणि बाहेरून १३.८ व्होल्ट दिल्यास १० वॅट. मी मात्र बाहेरची बॅटरी जोडूनही ५ वॅटच्या वर जात नाही, कारण मोर्समध्ये (टिंब-रेषांच्या सांकेतिक भाषेत) क्यूआरपीची, म्हणजे कमी शक्तीवरच्या कामाची, ५ वॅट ही रूढ मर्यादा पाळायची असे सुरुवातीलाच ठरवले होते. या सेटमध्ये अँटेना ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवून घेणारा भाग) नाही, हे घेण्यापूर्वीच माहीत होते, आणि म्हणूनच ट्यूनरशिवाय चालेल अशी तार निवडली: साधारण २० मीटर लांबीची, टोकाकडून फीड केलेली अर्धतरंग तार, ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर आणि ८ मीटर आरजी-५८ केबल. ही एकच तार ४०, २०, १५ आणि १० मीटर बँडवर (तरंगलांबीने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर; मीटरचा आकडा जितका लहान तितकी वारंवारता जास्त) चालते. सेटचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे त्याचा वॉटरफॉल, म्हणजे बँडवरचे सिग्नल रेषांच्या रूपात दाखवणारा पडदा. कोणत्या बँडवर किती जण आहेत हे एका नजरेत दिसते आणि बँड उघडतो आहे की मिटतो आहे याचा अंदाज कानांच्या आधी डोळ्यांना येतो. कोणत्याही रंगीत पडद्याप्रमाणे भर उन्हात तोही फिका दिसतो, त्यामुळे बसायची जागा ठरवताना मी आधी सावली पाहतो आणि मग झाड.

झाडाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वजन बांधलेली दोरी फांदीवरून टाकून तार वर ओढणे हा सर्वांत स्वस्त उपाय असला, तरी अनेक उद्यानांत झाडाला काहीही बांधण्यास मनाई असते आणि तो नियम मला योग्यच वाटतो. अशा ठिकाणी मी फायबरग्लासची दुमडती काठी वापरतो. तार पायवाटेवरून कधीही नेत नाही आणि तिचे मोकळे टोक कोणाच्या हाताला लागणार नाही इतके उंच ठेवतो. हा नुसता शिष्टाचार नाही: ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबाने (केबलच्या ५० ओहमच्या ४९ पट) तारेच्या टोकाला सुमारे २४५० ओहम धरले, तर ५ वॅटवरही तेथे ११० व्होल्टच्या आसपास दाब येतो. पावसानंतर ओल्या पानांना टोक टेकले की अनुनादाची वारंवारता सरकते, तेही याच कारणामुळे. शेवटचा अर्धा मीटर पानांपासून दूर ठेवण्यासाठी नायलॉनच्या दोरीचा तुकडा मधे बांधायला लागल्यापासून हा त्रास जवळपास संपला.

आता बदलत्या परिस्थितीविषयी. १०० वॅट आणि ५ वॅट यांच्यातला फरक १३ डेसिबलचा, म्हणजे एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकावर) दोन अंकांहून थोडा अधिक. हे वाचताना किरकोळ वाटते, आणि बँड चांगला असताना ते किरकोळ असतेही. पण उद्यानात आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे मी बराच काळ दुर्लक्ष केले. घरातले चार्जर, एलईडी दिवे आणि इतर स्विचिंग उपकरणे यांचा गोंगाट उद्यानात नसतो, त्यामुळे मला दूरदूरची केंद्रे स्वच्छ ऐकू येतात. समोरचा मात्र स्वतःच्या घराच्या गोंगाटात बसलेला असतो. त्याच्याकडे २० पट शक्ती आणि माझ्याकडे शांत कान, असा हा व्यवहार दोन्ही बाजूंनी त्याच्या सिग्नलला धार्जिणा आहे. त्यामुळे ‘मला तो एस-७ ने येतो, मग माझी हाक त्याला का ऐकू जात नाही’ या तक्रारीत फारसा अर्थ नसतो. मी आता ज्याचा सिग्नल जेमतेम ऐकू येतो त्याच्यामागे धावत नाही. जो भरभरून येतो त्यालाच हाक देतो, किंवा स्वतः सीक्यू (कोणीही उत्तर द्यावे अशी खुली हाक) देत बसतो.

दिवसाचे गणित बरेचसे ठरलेले आहे. दुपारी ४० मीटरवर डी-थराचे, म्हणजे वरच्या वातावरणातल्या लहरी शोषणाऱ्या थराचे, शोषण जास्त असते, कारण वारंवारता जितकी कमी तितके हे शोषण वाढते. म्हणून दुपारी २० मीटर किंवा त्याहून वरचे बँड आणि ऊन उतरल्यावर ४० मीटर. चालू सौरचक्राचा, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून सुरू झालेल्या २५ व्या चक्राचा, जोर वरच्या बँडवर चांगलाच जाणवतो आणि १० मीटरवर ५ वॅटमध्ये खंडापलीकडे गेल्याचे अनेक दिवस वहीत आहेत. निघण्यापूर्वी मी सौर फ्लक्स (सूर्याच्या सक्रियतेचे माप) आणि के-निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचे माप) पाहतो. के ५ किंवा त्यावर असेल तर ध्रुवांजवळून जाणाऱ्या मार्गांवर आशा ठेवत नाही, पण घरीही बसत नाही, कारण अशा दिवशीही उत्तर-दक्षिण मार्ग कित्येकदा व्यवस्थित चालतात.

पार्क्स ऑन द एअर या उद्यानांतून रेडिओ चालवण्याच्या उपक्रमाच्या नियमाने एका यूटीसी (जागतिक प्रमाणवेळेच्या) दिवसात एकाच उद्यानातून १० संपर्क झाले तरच ती फेरी ग्राह्य धरली जाते. पहिल्या तीन महिन्यांत मला यासाठी साधारण पाऊण तास पुरत होता. चौथ्या महिन्यात दीड तास लागू लागला, आणि एकदा तर आठ संपर्क झाले असताना यूटीसी दिवस उलटला आणि मोजणी पुन्हा शून्यावर आली. त्या महिन्यातल्या पाचही फेऱ्यांपुढे ‘कंडिशन्स खराब’ असेच लिहिलेले आहे. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणारा आकडा; १ म्हणजे काहीच परत येत नाही) पाहावा तर १.३, म्हणजे पूर्वीपेक्षाही चांगला. त्यामुळे अँटेनावर शंका घेण्याचे कारणच दिसत नव्हते.

शंका आली ती रिव्हर्स बीकन नेटवर्कमुळे. जगभरातले स्वयंचलित रिसीव्हर मोर्समधला सीक्यू वाचून तो किती डेसिबलने आला हे तेथे नोंदवतात. पूर्वी मी १४.०६० मेगाहर्ट्झच्या आसपास सीक्यू दिला की जे रिसीव्हर मला १२ ते १५ डेसिबल देत, तेच आता कसेबसे ८ ते १० देत होते, आणि जे पूर्वी ६ देत ते मला ऐकतच नव्हते. याच काळात माझ्यासारख्याच क्षीण शक्तीवर काम करणारी इतर केंद्रे तेथे नेहमीच्याच ताकदीने दिसत होती. प्रसरण बिघडले असते तर ते सर्वांचेच बिघडले असते.

मग घरी आल्यावर ती ८ मीटरची केबल एकटीच अँटेना अॅनालायझरला जोडली आणि तिचे दुसरे टोक मोकळे ठेवले. टोक मोकळे असताना गेलेली सगळी शक्ती परत यायला हवी. त्यामुळे चांगल्या केबलवर एसडब्ल्यूआर खूप मोठा दिसतो आणि या लांबीच्या आरजी-५८ वर १४ मेगाहर्ट्झला तो २० च्या आसपास तरी दिसायला हवा. माझ्या केबलवर तो ३ दिसला. ३ चा अर्थ असा की परत आलेली शक्ती गेलेल्या शक्तीपेक्षा ६ डेसिबलने कमी होती. जाताना ३ आणि येताना ३. म्हणजे सेटमधून निघालेल्या ५ वॅटपैकी निम्मे केबलमध्येच मुरत होते आणि तारेपर्यंत अडीच वॅट पोहोचत होते. ट्रान्सफॉर्मरकडचा कनेक्टर कापला, तेव्हा आतली तांब्याची जाळी हिरवट-काळी पडलेली निघाली आणि साल पुढे सोलत गेलो तरी काळपटपणा संपेना. पावसात ती केबल कितीदा गवतावर लोळली होती हे मलाच ठाऊक. कनेक्टरवर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची राहून गेली होती, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

यातली खरी गोम त्या सुधारलेल्या एसडब्ल्यूआरमध्ये आहे. केबल शक्ती खाऊ लागली की अँटेनाकडून परतणारी लहरही वाटेतच क्षीण होते, त्यामुळे सेटला परावर्तन कमी दिसते आणि आकडा गोजिरवाणा होतो. तेव्हापासून काही न करता एसडब्ल्यूआर सुधारला, तर मी तो बिघडल्यापेक्षा अधिक घाबरतो. नव्या केबलसह पहिल्याच फेरीत नेहमीच्या रिसीव्हरांकडून जुने आकडे परत आले आणि दहा संपर्क चाळीस मिनिटांत झाले. तीन डेसिबल म्हणजे अर्धा एस-अंक. १०० वॅटवाल्याच्या ते लक्षातही आले नसते, पण जो आधीच ऐकू येण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे त्याला तेवढे पुरते.

उलट प्रकारही एकदा घडला. एका दुपारी २० मीटरवर छान काम चालले असताना वॉटरफॉलवरच्या रेषा काही मिनिटांत पुसट झाल्या आणि पार्श्वभूमीचा खरखराटही खाली गेला. केबलचा अनुभव ताजा असल्याने मी लगेच उठून कनेक्टर हलवले, तार वरपासून खालपर्यंत पाहिली, ट्रान्सफॉर्मरची डबी उघडली. सगळे जागच्या जागी होते आणि एसडब्ल्यूआरही तसूभर हलला नव्हता. तार तुटली असती तर तोही आकाशाला भिडला असता. नंतर कळले की सूर्यावर एक्स-वर्गाची, म्हणजे सर्वांत तीव्र गटातली, ज्वाला उसळली होती आणि पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूवर लघुलहरी जवळजवळ बंद पडल्या होत्या. अशा वेळी खालचे बँड आधी बुडतात आणि सर्वांत शेवटी वर येतात. मी १० मीटरवर जाऊन बसलो, तेव्हा सुमारे अर्ध्या तासाने पहिली केंद्रे तेथेच उगवली आणि २० मीटर त्यानंतर बराच वेळाने जागा झाला. त्या दिवशी ‘कंडिशन्स खराब’ हा शेरा मी निर्धास्तपणे लिहिला.

बॅटरीबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. ६ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बरोबर असते. ऐकताना सेट अर्ध्या अँपिअरच्या आत खातो, त्यामुळे चार तासांच्या फेरीनंतरही ती संपलेली नसते. तिचा व्होल्टेज बराच काळ १३ च्या वर सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो, म्हणून व्होल्टेज पाहून उरलेल्या चार्जचा अंदाज करू नये. किती वापरली हे वहीत लिहिणे बरे. शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये, एवढे पथ्य थंडीत पाळावे लागते.

सध्या पिशवीत केबलचे दोन तुकडे असतात, दोन्हींच्या कनेक्टरवर नळी चढवलेली. महिन्यातून एकदा दोन्हींची टोके मोकळी ठेवून आकडा घेतो आणि तारखेसह वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. गेल्या वेळी एकीवर २२ आला, दुसरीवर १७. दुसरी तूर्त वापरात ठेवली आहे, पण पावसाच्या दिवशी ती घरीच राहते.