सीग्रासचा गालिचा, एक पावसाळा काढल्यावर

पाडव्याला ठाण्यातल्या एका फर्निशिंगच्या दुकानातून ४ बाय ६ फुटांचा सीग्रासचा गालिचा आणला, ५,२०० रुपयांना. आमचं घर नौपाड्यात, तळमजल्यावर.

"समुद्राच्या तळाला उगवतं मॅडम, पाण्याने काही होत नाही," असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे ते खटकलंच. खरं सीग्रास म्हणजे समुद्री गवत, शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, पाण्याखाली फुलं येतात, बी धरतं. पाल्कच्या उपसागरात डुगाँग म्हणजे समुद्रगायी त्यावरच जगतात; त्यांच्यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये तिथे राखीव क्षेत्र जाहीर केलं. त्या गवतातल्या बहुतेक जातींची पानं चपटी, फितीसारखी.

गालिच्याच्या कोपऱ्यावरची कापडी पट्टी थोडी उसवली होती. आतल्या दोरातली एक जाड काडी काढून कोमट पाण्यात भिजवली, ब्लेडने आडवी कापली आणि भिंगाखाली धरली. चक्क तीन कोपरे, आणि आत पांढरा, स्पंजासारखा गर! हा तर आपल्या नागरमोथ्याचा भाऊबंद, लव्हाळाच. चीन-व्हिएतनामकडे मचूळ पाण्याच्या शेतांत तो लावतात, वाळवून दोर वळतात आणि बाजारात सीग्रास म्हणून विकतात. बंगालची मादुर चटईही याच कुळातली. समुद्रातली कुरणं कापून हा गालिचा झालेला नाही, याचं मला समाधानच वाटलं. पण गिऱ्हाइकाला खरं सांगायला हवं.

वस्तू चांगली आहे. काथ्यासारखी टोचत नाही, पायाला गुळगुळीत, गार लागते. काडीवर मेणचट तकाकी असते, म्हणून ह्यांच्या हातून कपभर चहा सांडला तरी लगेच टिपल्यावर डाग राहिला नाही. त्याच तकाकीमुळे ती रंग धरत नाही. आणला तेव्हा हिरवट होता, आता गव्हाळ झालाय. पहिले काही दिवस घरभर वाळल्या पेंढ्याचा वास होता. मला आवडला, सुनेला नाही. नातू त्यावर रांगत गाड्या फिरवतो तेव्हा गुडघ्यांवर वळ उठतात, म्हणून वर सतरंजी टाकते.

जुलैत मात्र घात झाला. लादी पुसली की ओल्या फरशीवरच गालिचा पसरला जायचा. खालच्या रबरी थराने ओल धरून ठेवली आणि कडेला पांढरी बुरशी आली. दुकानात फोन केला, तर "तुम्हीच धुतला असेल" म्हणाले. याचं फार वाईट वाटलं. सांडलेलं पाणी लगेच टिपता येतं, साचलेल्या ओलीचं तसं नाही, एवढं विकतानाच सांगता आलं असतं.

व्हिनेगर घातलेल्या पाण्यात फडकं घट्ट पिळून पुसून घेतला, दोन दिवस पंख्याखाली उभा ठेवला, तेव्हा बुरशी गेली. कडक उन्हात टाकू नका, काड्या ठिसूळ होतात. वरच्या मजल्यावर खेळती हवा असेल तर जरूर घ्या. आमच्यासारखं तळमजल्यावर घर असेल तर मेअखेरीला नीट वाळवून गुंडाळा आणि माळ्यावर टाका, दसऱ्यालाच काढा.