जनरेटरच्या एग्झॉस्टवर लॅगिंग चढण्याआधी आत काय बसवलंय ते बघून घ्या

डिझेल जनरेटर बसवून घेणार असाल तर कृपया हे वाचा. एग्झॉस्ट आणि ऑइल ड्रेनच्या (इंजिनातलं तेल काढायच्या वाटेच्या) फिटिंगमध्ये फसवणं सोपं असतं, कारण निम्मं काम लॅगिंगखाली, म्हणजे पाइपावरच्या उष्णतारोधक आवरणाखाली, झाकलं जातं आणि उरलेलं इंजिनाच्या पोटाखाली जातं.

आमच्या बिलावर 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा बेलो (घड्यांचा लवचिक पाइपतुकडा), पाइप टांगून धरायला छताला हँगर, ड्रेनला गरम तेलाचा होज आणि बॉल व्हॉल्व्ह असं सगळं लिहिलेलं होतं. पैसे त्याचेच घेतले. जोडणी झाली की लगेच ग्लासवूल गुंडाळून वर ॲल्युमिनियमचा पत्रा मारला.

पुढे टर्बोपाशी (इंजिनावरच्या टर्बोचार्जरपाशी, जिथे एग्झॉस्टचा पाइप जोडतात) काजळी दिसू लागली, खोलीत धूर जाणवायला लागला. दुसऱ्या मेकॅनिकने पत्रा उघडला तर आत बेलो नव्हताच. त्या जागी सरळ पाइपाचा तुकडा वेल्ड केलेला. इंजिन रबरी पॅडवर हलतं, वरचा पाइप हलत नाही. मधली हालचाल बेलोने झेलायची असते. इथे तो सगळा ताण टर्बोच्या फ्लँजवर (पाइप बोल्टने जोडायच्या कडेवर) आला. हँगरही पुरेसे नव्हते, त्यामुळे पाइपाचं वजनही टर्बोवरच. फ्लँजजवळच्या वेल्डला नखाला लागेल असा बारीक तडा गेला होता आणि धूर तिथूनच येत होता. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. पैशांचं एक वेळ सोडून देईन, पण हे मी माफ करणार नाही.

ड्रेनचीही तीच तऱ्हा. संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) सरळ आट्यांत नळाचं निमुळतं निपल (आट्यांचा जोडतुकडा) टेफ्लॉन गुंडाळून जबरदस्तीने पिळलेलं, आटे खराब. पुढे पाण्याचा साधा प्लास्टिक पाइप, आणि व्हॉल्व्ह पार त्याच्या टोकाला. म्हणजे पाइपात कायम तेल भरलेलं. लोडवर तेल सहज 90 अंशांच्या पुढे जातं, त्या उष्णतेत असा पाइप मऊ पडतो. क्लॅम्पमधून सुटला असता तर संप रिकामा होऊन इंजिन जॅम झालं असतं.

बसवणाऱ्याला जाब विचारला तर म्हणे, "सगळीकडे असंच बसवतात." इंजिनाचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल पुढे केल्यावर फोन उचलणंच बंद केलं.

म्हणून सांगते, लॅगिंगआधी बेलो आणि हँगरचे फोटो काढा, शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. बेलोला चुंबक लावून बघा. 304 ला तो जेमतेम ओढला जातो. मात्र 409 स्टेनलेसही एग्झॉस्टला वापरतात आणि त्याला चुंबक घट्ट चिकटतो, त्यामुळे बिलावरचा ग्रेड आधी वाचा. पाइप आउटलेटपेक्षा बारीक नको, बॅक प्रेशर (धूर बाहेर जाताना इंजिनावर येणारा उलटा दाब) वाढतं. ड्रेनच्या आट्यांचं माप मॅन्युअलप्रमाणे, व्हॉल्व्ह शक्यतो संपजवळ आणि टोकाला प्लग, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.