वोल्नेची एकच बाग, आठ सालं

वाइनच्या आठ ग्लासांतला सगळ्यात नावाजलेला ग्लास 2005चा, आणि त्या दुपारी नेमका तोच तोंड शिवून बसला होता. वास जवळजवळ नाहीच, घोट घेतला की हिरड्यांना नुसता तुरटपणा चिकटायचा. वीसेक वर्षं बाटलीत काढूनही बाईसाहेब तयार नव्हत्या.

फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या बोन गावच्या जुन्या तटबंदीच्या आतलं हे तळघर. रेड बरगंडीचं व्हर्टिकल टेस्टिंग, म्हणजे बाग एक, वाइन करणारा एक, फक्त द्राक्षतोडणीची सालं वेगवेगळी. बाग शेजारच्या वोल्नेतली, दर्जा प्रीमिए क्रू, म्हणजे वरून दुसरा. (त्याच्याही वरचा ग्रां क्रू वोल्नेत एकही नाही, तरी तिथल्या चांगल्या प्रीमिए क्रूचा रुबाब कमी नसतो.) सालं 2019, 2017, 2015, 2014, 2010, 2009, 2005 आणि 2003. माणशी 130 युरो, वेळ अडीच तास. 2016 यादीत नव्हतं, कारण त्या वर्षी एप्रिलअखेरच्या दंवानंतर या बागेत विकण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं, असं कळलं.

माझं आयुष्य कापडाच्या रंगछटा जुळवण्यात गेलं, त्यामुळे मी आधी ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरते. इथे टेबलावर कागद नव्हता, मीच माझ्या वहीचं पान फाडलं. 2019 जांभळट लाल, कडेपर्यंत तोच रंग. 2010ला कडेशी विटेची झाक. 2003 मधोमध गडद, पण कड थेट तपकिरी. रेड बरगंडीचं द्राक्ष पिनो न्वार, त्याच्या सालपटात मुळात रंग कमी, शिवाय वर्षागणिक रंगद्रव्यं आणि टॅनिन (तुरटपणा देतं ते) एकमेकांत गुंफून जड होतात आणि साका होऊन तळाशी बसतात. रंग उतरतो तो असा, आणि तुरटपणाची धारही त्यातच बोथट होते. आंबटपणा मात्र बाटलीत फारसा हलत नाही. फळ ओसरलं की तोच पुढे येतो. म्हणून ज्या सालाला आंबटपणाचा कणा नाही, ते म्हातारपणी बसकण मारतं.

2003 तसंच. युरोपभर उष्णतेची लाट आली ते वर्ष, तोडणी ऑगस्टमध्येच उरकली होती. सुक्या मनुकांचा गोड वास येतो, चव मात्र जिभेवर पसरून तिथेच थांबते. नवऱ्याला आवडली. टेस्टिंगमध्ये घोट चाखून थुंकायचा असतो, त्याला त्याने साफ नकार दिला होता, तेव्हा सातव्या ग्लासानंतरच्या त्याच्या मताला मी फार किंमत दिली नाही.

खरा भाव खाऊन गेली ती 2014. त्या वर्षी 28 जूनला पोमार, वोल्ने, बोन या पट्ट्याला गारपिटीनं झोडपलं होतं, तेही सलग तिसऱ्या वर्षी. उन्हाळा ढगाळ गेला, सप्टेंबरनं सावरून घेतलं. या सालाचं नाव काढलं की लोक पटकन 2015कडे वळतात. पण ग्लास नाकाशी नेला तर आधी लाल चेरी, मग ओला पालापाचोळा, अळंबी, आणि थोडं थांबलं की सुकलेल्या गुलाबासारखं काहीतरी. तोंडात पातळ वाटते, अगदी पाण्यासारखी आत शिरते, आणि गिळल्यावर (हो, ही एक मी गिळली) तिची चव मागे रेंगाळत राहते. फळ अजून आहे आणि म्हातारपणही सुरू झालंय, असा हा टप्पा. रेड बरगंडीसाठी जीव टाकावा तो या टप्प्यासाठी. शेजारची 2015 दांडगी, पिकलेली, गर्दीत कोपरं मारत चालणाऱ्या माणसासारखी. तिला अजून दहा वर्षं द्यावीत. 2010 दोन्हींपेक्षा वरचढ, यात वाद नाही. फुलोऱ्याच्या वेळी हवा बिघडल्यानं पीक थोडं आलं होतं, पण जे आलं ते नेटकं, धारदार. किंमतही तशीच, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलून जीव जाळून घेत नाही.

आता तक्रार. 2009च्या पहिल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास होता. बूच बिघडलेलं, सरळ गोष्ट आहे. ओतणाऱ्या गृहस्थांनी मला समजावलं, "मादाम, हा जुन्या वाइनचा रानातला वास." रानातला वास मी दोन ग्लास आधीच घेतला होता. पालापाचोळ्याला जीव असतो, पुठ्ठा मेलेला असतो, आणि त्याच्यामागे फळ पार दडपून जातं. समोर बसलेल्या बेल्जियन आजोबांनी ग्लास न बोलता पुढे सरकवला, तेव्हा कुठे दुसरी बाटली उघडली. ती निघाली गोल, रसाळ, उन्हाळ्यात पिकलेल्या फळासारखी हसरी. बाटली बदलली हे चांगलंच, पण 130 युरो घेणाऱ्यांनी ओतण्याआधी स्वतः वास घ्यायला नको?

दुसरं म्हणजे ग्लास लहान, आणि वाइन थेट तळघराच्या गारव्यातली, असेल बारा अंश. पिनोला पंधराच्या आसपास बरं वाटतं, मी प्रत्येक ग्लास तळव्यात धरून बसले होते. ओततानाही हात आखडता. मात्र 1395 साली बरगंडीच्या ड्यूक फिलिपनं गामे द्राक्ष हाकलून लावल्याची गोष्ट सांगताना हात अजिबात आखडला नाही, त्यात चांगली दहा मिनिटं गेली.

तरीही जा म्हणेन. आठ सालं शेजारी शेजारी मांडलेली एरवी कुठे मिळणार? फक्त नोंदणी करताना जुन्या बाटल्या सकाळीच उघडून ठेवायला सांगा, आणि तरुण वाइनकडे शेवटी परत जाता येईल इतके थेंब राखून ठेवा. 2019 दुसऱ्यांदा चाखली तेव्हा 2010ची लहान बहीण वाटली, पहिल्यांदा नुसता रासबेरीचा रस वाटला होता. 2017 भरघोस पिकाचं, हलकं, लवकर पिण्याचं साल. त्याच्या दोन बाटल्या घेतल्या, 68 युरोला एक. 2014 विकायला नव्हती.

निघायच्या वेळी 2005चा ग्लास सवयीनं पुन्हा उचलला. अडीच तास तसाच पडून होता, आता खोलीइतका उबदार. तळातून काहीतरी वर येत होतं, काळी चेरी, जरासं चामडं, आणि त्यामागे आणखी काही, ज्याचं नाव मला आठवेना. मी डोळे मिटले. तेवढ्यात गृहस्थ "वू पेरमेते?" (घेऊ का?) म्हणत ग्लास घेऊन गेले आणि पिंपात ओतून मोकळे झाले.