पिवळ्या डोळ्यांचे पिल्लू आणि माझे ३९,७५० रुपये

पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत मी ३१ वर्षे काढली आणि मालाची पोच जोडलेली नाही म्हणून त्या काळात परत पाठवलेल्या बिलांची गणती नाही. माझ्या पाठीमागे ठेकेदार मला काय म्हणत असत तेही मला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मीच, न पाहिलेल्या पक्ष्यासाठी, न पाहिलेल्या माणसाला, पाच हप्त्यांत ३९,७५० रुपये देऊन बसलो. हे लिहिताना लाज वाटते. पण "आता हे कुठे बोलू नका, बाबा" असे मुलाने सांगितले तेव्हा लाजेपेक्षा राग अधिक आला, कारण या लोकांचा धंदा आपल्या गप्प बसण्यावरच चालतो.

पक्षी पाळण्याची ही क्षणिक लहर नव्हती, हे आधी सांगून टाकतो. नातीला पोपट हवा होता. आमच्या आळीत दोन घरांत साधे हिरवे पोपट पिंजऱ्यात आहेत आणि ते पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्या घरांना कोणी सांगत नाही. मला मात्र कायद्याबाहेर काही करायचे नव्हते, म्हणून मी आफ्रिकन ग्रे, म्हणजे राखी पोपट घ्यायचे ठरवले. त्याआधी दोन महिने वाचन केले. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो, म्हणून माझ्यानंतर तो कोण सांभाळेल हे मुलाकडून वदवून घेतले. तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या धुराने पक्षी दगावतात, म्हणून घरातील दोन तवे काढून टाकले. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या ग्रेला कॅल्शियम कमी पडून झटके येतात, हे कळल्यावर भाज्यांची आणि दाण्यांची यादी करून स्वयंपाकघरात चिकटवली. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर कुठे आहेत याची चौकशी केली आणि ६,२०० रुपयांचा पिंजराही आणला. ती रक्कम मी वरच्या आकड्यात धरलेली नाही. निष्काळजी माणूस एवढे करत नाही.

गावातील दुकानदाराने ग्रेच्या पिल्लाचे ६०,००० रुपये सांगितले होते. समाजमाध्यमावरील जाहिरातीतल्या त्या माणसाने २२,००० सांगितले. एवढे स्वस्त का, हे मी पहिल्याच दिवशी विचारले होते. बंगळुरूजवळ आपले फार्म आहे, नव्या नियमांमुळे ते बंद करत आहोत आणि उरलेली पिल्ले चांगल्या घरी द्यायची आहेत, असे त्याचे उत्तर होते. मी नियम काढून पाहिले तर ते खरेच निघाले. आफ्रिकन ग्रेचा समावेश २०१६ सालीच साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, पहिल्या परिशिष्टात करण्याचा निर्णय झाला, आपल्या कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी असे पक्षी बाळगणाऱ्यांना पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक केली. त्या माणसाच्या बोलण्यातील कायदा खरा होता, फार्म खोटे होते. आणि मी तपासला तो कायदा.

आता त्या चित्रफितीबद्दल. "तीन महिन्यांचे पिल्लू आहे, सर, सेल्फ झाले आहे, हातावर बसते," (सेल्फ म्हणजे स्वतःचे स्वतः खाणारे) असे सांगून त्याने ४० सेकंदांची चित्रफीत पाठवली. एका बाईच्या मनगटावर राखी पोपट बसला होता, शेपूट लालभडक, आणि त्याने स्पष्ट आवाजात "हॅलो" म्हटले. नातीने ती चित्रफीत दहा वेळा पाहिली. मीही पाहिली, आणि त्या पक्ष्याचे डोळे पिवळे आहेत हे मला पहिल्याच वेळी दिसले. ग्रेची शेपूट लहानपणापासूनच लाल असते, त्यामुळे शेपटीवरून वय कळत नाही. वय कळते ते डोळ्यांवरून. पिल्लाचे डोळे काळसर असतात, नंतर ते राखाडी होतात आणि फिकट पिवळा रंग यायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जावा लागतो. हे मी आदल्याच आठवड्यात वाचून वहीत टिपून ठेवले होते, आणि ती वही त्या क्षणी टेबलावर माझ्यासमोर होती. शिवाय तीन महिन्यांचे पिल्लू असे शब्द उच्चारत नाही. ज्या "हॅलो"ने आम्ही हरखलो, त्याच "हॅलो"ने हा पक्षी पिल्लू नाही, हा कोणाचा तरी जुना पाळलेला पक्षी आहे आणि चित्रफीत उचललेली आहे, हे ओरडून सांगितले होते.

मी विचारलेही. डोळे पिवळे कसे, असा संदेश पाठवला. "कॅमेऱ्याच्या लाइटमुळे वाटतात, सर," असे उत्तर आले आणि ते मी मान्य केले, कारण मला ते मान्य करायचे होते. एकतीस वर्षांत एकाही ठेकेदाराचे असले उत्तर मी ऐकून घेतले नसते. आपल्याकडचे आजचे वर्तमानपत्र पक्ष्याशेजारी धरून आत्ता या क्षणी थेट दाखवा, एवढी एकच मागणी केली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते.

पुढचे हप्ते असे आहेत. आगाऊ ११,०००. गाडी निघताना उरलेले ११,०००. वातानुकूलित गाडीचे भाडे ३,५००. तापमान राखणाऱ्या प्रवासी पिंजऱ्याची अनामत ७,८००, जी पक्षी उतरवताच परत मिळणार होती. मग साइट्स प्रमाणपत्राचे ६,४५०. हे पैसे तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर गेले. प्रत्येक वेळी नाव का बदलते, याला "हिशेबनीस वेगळा आहे" हे उत्तर होते. प्रमाणपत्रावर साइट्सचे कार्यालय आहे त्या जिनिव्हाचा गोल शिक्का होता. साइट्सचे परवाने देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या व्यापारासाठी असतात, ते त्या त्या देशाचे अधिकारी देतात, आणि बंगळुरूहून महाराष्ट्रात येणाऱ्या पक्ष्याला जिनिव्हाने कागद देण्याचा प्रश्नच येत नाही. पण रंगीत शिक्का पाहिला की आयुष्यभर शिक्के मारलेल्या माणसाचीही मान खाली जाते. "परत मिळणारी रक्कम" हे शब्द जो कोणी उच्चारेल, त्याचा फोन तिथेच ठेवावा.

त्याच रात्री फोन आला, की कागलच्या सीमेवर वन खात्याने गाडी अडवली आहे आणि १८,००० भरले नाहीत तर पक्षी जप्त होऊन तुमच्या नावाने गुन्हा दाखल होईल. तोवर सर म्हणणारा तो माणूस आता "काका, तुम्हीच अडकाल" असे म्हणू लागला. तेव्हा माझे डोळे उघडले. मी पैसे दिले नाहीत, पण ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोनही लगेच केला नाही. रात्रभर लाजेने गप्प बसलो आणि दुसऱ्या दिवशी, १९ तासांनी केला. तुम्ही तसे करू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायला मिनिटे लागतात. माझ्या रकमेपैकी २,१४० रुपये एका खात्यात गोठवले गेले आणि बाकीचे आधीच काढून झाले होते.

त्यानंतर सुरू झाली ती दुसरी वरात. बँकेतील अधिकाऱ्याने सांगितले, की पिन तुम्हीच टाकला आहे, त्यामुळे हा व्यवहार फसवणूक म्हणून आमच्याकडे बसत नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते, दुसऱ्या दिवशी हद्दीचा प्रश्न निघाला आणि तिसऱ्या दिवशी, "काका, इथे लोकांचे चाळीस-चाळीस लाख गेलेत," असे ऐकवण्यात आले, जणू माझी रक्कम लहान असणे हा माझाच अपराध. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील प्रत पुढे ठेवून दाखवले. ती प्रत त्यांनी ठेवून घेतली. पोच दिली नाही. पोच मागितल्यावर ठाण्यातील सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने पूर्वी ठेकेदार पाहत असत. वन कार्यालयात बनावट प्रमाणपत्राची प्रत घेऊन गेलो तर लिपिकाने पक्षी कुठे आहे असे विचारले. पक्षी आलाच नाही, म्हणून तर तक्रार आहे, असे म्हटल्यावर तो म्हणाला, की पक्षी नसेल तर आमचा विषय नाही, आणि असता तर आधी तुमच्यावरच कारवाई झाली असती. ते २,१४० रुपये सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल असे मला सांगण्यात आले, आणि वकिलांनी त्या अर्जाचे ३,००० सांगितले आहेत. असा हिशेब मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

पक्षी घ्यायचाच असेल तर चालत जाता येईल अशा ठिकाणाहून घ्या आणि दोनदा, वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहा. आजारी पक्षी अनोळखी माणसासमोर आजार लपवतो, पण तासभर शांत बसलात तर पिसे फुगवून पेंगतो आणि श्वासागणिक त्याची शेपूट हलते. बजी किंवा कॉकटेल या लहान पाळीव पोपटांना नोंदणीची भानगड नाही. हे मला दुकानदाराने सांगितले होते आणि मला वाटले, तो आपला जुना माल खपवतो आहे.

पिंजरा गॅलरीत आहे. मागच्या आठवड्यात तीच चित्रफीत वेगळ्या नावाच्या खात्यावर पुन्हा दिसली: तेच मनगट, तेच पिवळे डोळे, तोच "हॅलो". मी तक्रारीचे बटण दाबले. आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही, असे उत्तर चार मिनिटांत आले. किंमत आता १९,५०० आहे आणि पिल्लाचे वय या वेळी दोन महिने लिहिले आहे.