अंजुणे धरणात ट्राऊट? पैसे भरण्याआधी हे वाचा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा पुण्याहून गोव्यात साखळीला आमच्याकडे आला होता. पोराला मासे गरवायचं भारी वेड. त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली: सत्तरीतल्या शांत डोंगरी धरणावर ट्राऊट फिशिंग, माणशी अडीच हजार. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "भाऊ, घाटातलं पाणी आहे, बर्फासारखं थंड. मासा मिळाला नाही तर सगळे पैसे परत." आम्ही चौघं जाणार होतो. मी दहा हजार पाठवून दिले.

सकाळी सातला केरीजवळ अंजुणे धरणाच्या काठी पोचलो. त्याने दांड्या दिल्या, गळाला गांडूळ लावून दिलं. नऊच्या सुमारास हात धुवायला पाण्यात घातला, तर पाणी चक्क कोमट. तेव्हाच मनात चुकचुकलं. ट्राऊटला थंड, वाहतं पाणी लागतं. पाणी पंचवीस अंशांच्या वर गेलं की तो तग धरत नाही. म्हणून आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, किंवा दक्षिणेत निलगिरी, मुन्नारसारख्या उंच जागी आहे. तिथेही तो मूळचा नाही, इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी तो येणार कुठून? हे मी आधी कोणाला तरी विचारायला हवं होतं.

बारापर्यंत एकाच्याही गळाला काही लागलं नाही. मग त्याचा साथीदार पलीकडून पिशवी घेऊन आला: "ही घ्या तुमच्या वाटणीची ट्राऊट." डोकं उडवलेले, सोललेले तुकडे. पैसे परत मागितले तर म्हणाला, "मासा मिळाला ना तुम्हाला?"

घरी धुताना एका तुकड्यावर पाठीचा पर राहून गेलेला दिसला. त्याचे काटे अंगठ्यात असे घुसले की रक्त आलं. शेपटीपाशी चिकटून राहिलेलं खवलं चांगलं नखाएवढं. ट्राऊटच्या पाठीचा पर मऊ असतो, खवली अगदी बारीक असतात, आणि शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो. शेजारच्या मासळीवालीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "हा तर तिलापिया." साधा, स्वस्त तिलापिया! डोकं आणि कातडं काढून का दिलं, ते तेव्हा कळलं.

भाच्याचा चेहरा बघवत नव्हता. संध्याकाळी त्या माणसाचा नंबर बंद. मी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट दिला. तुमचे पैसे असे गेले असतील तर थांबू नका, त्याच दिवशी फोन करा; उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

काल तोच फोटो, तोच मजकूर पुन्हा फिरताना दिसला. नंबर वेगळा होता, आणि या वेळी नाव काणकोणच्या चापोली धरणाचं.