टाकी सफाईची सेवा : होटगी रोडवरील आमच्या सोसायटीचा अनुभव

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. तीन-चार दिवसांनी पाण्याची पाळी येते, तोवर साठवलेल्या पाण्यावर भागवावे लागते, आणि त्यामुळे ज्याच्या घरी पाण्याची टाकी, हौद किंवा निदान दोन पिंपे नाहीत असे घर शहरात सापडणे कठीण आहे. होटगी रोडवरील आमच्या सोसायटीत 16 सदनिका असून जमिनीखाली सुमारे 20,000 लिटरचा संप आणि गच्चीवर 5,000 लिटरच्या दोन टाक्या आहेत. गेल्या पावसाळ्यात एकाच जिन्यातील तिघांना डेंग्यू झाला. सचिव या नात्याने टाक्यांची जबाबदारी माझ्याकडे असल्याने तो प्रसंग मला फार लागला, आणि टाकी सफाईची सेवा निवडताना नेमके काय पाहावे याचा मी तेव्हापासून गांभीर्याने विचार करू लागलो.

पूर्वी ज्यांच्याकडे हे काम होते त्यांचे नाव घेण्याची आवश्यकता नाही. यंत्राच्या जोरदार फवाऱ्याने तळ आणि भिंतींचा खालचा भाग धुऊन, पाऊण तासात काम संपवून, झाकणावर तारखेची चिठ्ठी चिकटवून ते जात असत. पाणी स्वच्छ दिसे, त्यामुळे आम्हीही समाधानी होतो. मात्र डेंग्यूच्या त्या तीन रुग्णांनंतर घरोघर पाहणी करणारी आशाताई आली, तिने विजेरी लावून संपात पाहिले आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या आम्हाला दाखवल्या. सफाई होऊन तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

सध्या हे काम जुळे सोलापुरातील दोघा भावांकडे आहे. त्यांच्या व्यवसायाला पाटी नाही; एकाकडून दुसऱ्याकडे फोन नंबर जातो आणि तेवढ्यावर त्यांचे काम चालते. वडील यंत्रमागावर कामाला होते, भाऊ आपसात तेलुगूत बोलतात आणि आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठीत. थोरल्याने संपात उतरण्यापूर्वी मला जवळ बोलावले, पाण्याची पातळी नेहमी जेथे असते त्याच्या वरच्या ओलसर पट्ट्यावरून पांढरे फडके फिरवले आणि ते माझ्यासमोर धरले. पेनाच्या टोकाने ठिपके द्यावेत तसे काळे बारीक कण फडक्याला चिकटले होते. “काका, घाण तळाला बघत्यात सगळे. डासाची अंडी हितं असत्यात, वर,” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. डेंग्यू आणि चिकनगुन्या पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, भिंतीच्या ओल्या भागावर. ती अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात, आणि पुन्हा पाणी चढून भिजली की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अंड्यापासून उडता डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे तळ लख्ख धुतला आणि वरचा पट्टा तसाच राहिला, तर पुढच्या पाळीचे पाणी भरताना आपणच त्या अंड्यांना पाणी घालत असतो. दोघा भावांनी हा पट्टा ताठ काथ्याच्या ब्रशने चारही बाजूंनी दोनदा घासला, आणि एकट्या या कामाला त्यांनी जवळजवळ तास दिला.

मला इतिहास वाचण्याची आवड आहे, म्हणून येथे थोडे विषयाच्या मुळाशी जातो. हा डास मूळचा आफ्रिकेतील. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याची पिंपे असत, त्या पिंपांतून तो अमेरिका खंडात पोहोचला आणि त्याच्याबरोबर पीतज्वरही (यलो फीव्हर) गेला. या तापाने पुढे शेकडो वर्षे तेथील बंदरे उजाड केली, आणि लोक दोष देत राहिले तो दुर्गंधीला, रोग्याच्या कपड्यांना, अंथरुणाला. हवानातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी 1881 मध्ये डासाकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांचे कोणी मानले नाही. अखेर 1900 मध्ये अमेरिकी लष्करातील डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने क्यूबात दोन खोल्या बांधून प्रयोग केला. एका खोलीत स्वयंसेवक पीतज्वराच्या रुग्णांच्या घाणेरड्या कपड्यांत आणि अंथरुणांत 20 रात्री झोपले, आणि त्यांपैकी एकालाही ताप आला नाही. दुसरी खोली अत्यंत स्वच्छ होती, मात्र मधोमध तारेची जाळी लावून तिचे दोन भाग केले होते. जाळीच्या ज्या बाजूला रुग्णांना चावलेले डास सोडले होते, त्या बाजूचा माणूस आजारी पडला. पलीकडे तीच हवा घेणारे धडधाकट राहिले. त्यानंतर हवानातील पाण्याची पिंपे झाकण्याची आणि डासांची पैदास मोडण्याची मोहीम विल्यम गॉर्गस यांनी हाती घेतली, आणि 1901 मध्येच त्या शहरातून पीतज्वर हटला.

म्हणून संपाच्या हवेच्या नळीला आणि टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी बसवली आहे की नाही, हा माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मोठा निकष आहे. पूर्वीच्या मंडळींनी या दोन्ही नळ्यांकडे कधी पाहिलेही नव्हते. धाकट्या भावाने चारही तोंडांवर स्टीलची बारीक जाळी दुहेरी करून क्लिपने आवळून बसवली, झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावली आणि गच्चीवरील टाकीच्या झाकणाला पडलेली चीर बुजवून दिली. एडिस डास सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. आमच्या जिन्यातील तापाचा डास आमच्याच आवारात जन्मलेला असणार, हे स्वीकारणे मला जड गेले, पण ते खरे आहे.

आपल्या जिल्ह्याला या गोष्टीचा अनुभव जुना आहे. 1973 मध्ये बार्शीत चिकनगुन्याची मोठी साथ आली होती, आणि साथींच्या अभ्यासात बार्शीचे नाव आजही घेतले जाते. त्यानंतर तीसएक वर्षे हा आजार देशात जणू विसरला गेला, आणि 2005-06 मध्ये परत आला तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत लाखो लोक अंथरुणाला खिळले. माझी आई त्यांपैकी एक होती. ताप चार दिवसांत उतरला, पण पुढे कित्येक महिने ती सकाळी भिंतीला धरूनच उठत असे आणि तिच्या मुठीत लाटणे ठरत नसे.

डासांइतकेच महत्त्व पाण्यातून थेट पसरणाऱ्या रोगांनाही आहे. पटकी (कॉलरा) आली की मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा आपल्याकडे होती. रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो हे लोकांनी अचूक ओळखले होते. तो कशावर बसून जातो एवढेच ठाऊक नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी 1854 मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवतीचे मृत्यू मोजून पाण्याकडे लक्ष वेधले, आणि रॉबर्ट कॉख यांना 1884 मध्ये कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यातच पटकीचे जंतू सापडले. पंढरपूरच्या वारीबरोबर पटकी गावोगाव जात असे, त्या काळात वारकऱ्यांना लस टोचण्याची व्यवस्था केली जाई. खरा बंदोबस्त मात्र पाण्यात क्लोरीन आल्यावरच झाला.

या बाबतीत माझी एक तक्रार आहे आणि ती नोंदवणे मला उचित वाटते. भिंती घासून झाल्यावर थोरल्याने आणलेली टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची पावडर, उघड्या पोत्यातील होती आणि तिला फारसा वास नव्हता. पोते उघडे राहिले की पावडरीतील क्लोरीन उडून जातो, आणि अशी पावडर कितीही टाकली तरी तिचा भरवसा धरता येत नाही. मी हे सांगितल्यावर त्याने वाद घातला नाही. धाकट्याला पाठवून बंद पिशवी मागवली, आणि त्यात आमचा पाऊण तास गेला. असा माल त्यांनी सुरुवातीपासून बरोबर ठेवावा, असे मी त्यांना स्पष्ट बजावले आहे. नव्या पावडरीच्या द्रावणाने भिंती पुसून, अर्धा तास थांबून त्यांनी सर्व पाणी उपसून काढले. दुसऱ्या दिवशी पाळीचे पाणी भरल्यावर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने 50 ग्रॅम पावडर बादलीत कालवून, वरची निवळी तेवढी संपात सोडली आणि तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही याची तपासणी, केली. काचेच्या नळीतील पाणी फिकट पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन उरला होता. ही तपासणी पाहण्यासाठी सोसायटीतील मुले गोळा झाली होती, आणि धाकट्याने प्रत्येकाच्या हाती नळी देऊन रंग दाखवला.

त्यांच्या नियोजनाबद्दलही सांगितले पाहिजे. ते पाळीच्या आदल्या दिवशी आले, त्यामुळे संपात पाणी कमीत कमी होते, आणि जे होते ते बागेला व जिने धुण्यास वापरले गेले. झाकण काढून दोन तास संप मोकळा ठेवल्याशिवाय थोरला आत उतरला नाही, आणि तो आत असेपर्यंत धाकटा कमरेच्या दोराचे टोक धरून वर उभा होता. बंद हौदात उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा ही काळजी घेणाऱ्यांना दोन पैसे अधिक द्यावेत असे मला वाटते. संप, दोन टाक्या आणि जाळ्या मिळून त्यांनी 4,500 रुपये घेतले. पूर्वीचे लोक 2,800 घेत असत.

पावसाळ्यात त्यांना किमान आठ दिवस आधी फोन करावा लागतो, आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा ते तासभर उशिरा येतात. आमची पुढची सफाई दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ठरली आहे. तोवर दर रविवारी विजेरी घेऊन मी आणि शेजारील कुलकर्णीकाका संपात डोकावतो. गेल्या अकरा रविवारी एकही अळी दिसलेली नाही.